पाऊण तासाच्या आत

मंगळवार, ३ फेब्रुवारी

अक्षर हलतंय ते माझं नव्हे, बसचं. सव्वासहाची बस, खिडकीची सीट, डाव्या खांद्यावर कारकून. हा गृहस्थ शहरात एका वकिलाकडे कामाला आहे. बस सुटली की डोळे मिटतो, शहराचा पहिला सिग्नल लागला की उघडतो. मधले दोन तास त्याचं डोकं माझ्या ताब्यात. तक्रार नाही. चाकावरच्या सीटवर सात महिने हाडं खिळखिळी करून घेतल्यावर मला ही खिडकी मिळाली. खांदा हे तिचं भाडं.

वही बायकोने दिली. म्हणाली, "रोज चार तास बसमध्ये बसून करता काय?" म्हटलं, विचार करतो. "मग लिहून ठेवा. किती होतात ते तरी कळेल."

तर पहिला विचार: मी हुशार माणूस आहे. लिफ्टच्या रुळांना ग्रीस फासण्यापासून सुरुवात केली, आज चौदा इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत. शिक्षण बेताचं, पण कान असे की स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक मोटरला लावलं की कुठलं बेअरिंग कधी जाणार ते तारखेसकट सांगतो.

दुसरा विचार पहिल्याला खोडून काढतो. हा हुशार माणूस बावीस वर्षं बायकोला घेऊन पाचव्या मजल्यावर राहिला आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चौऱ्याण्णव पायऱ्या. लिफ्टवाल्याची बायको पिशव्या घेऊन जिन्याने चढते, हा आमच्या गल्लीतला कायमचा विनोद होता. मीही हसायचो. मग तिचे गुडघे वाजायला लागले. प्रत्येक मजल्यावर एकदा, कट. मी घरात बसून सांगायचो, आली तिसऱ्यावर.

शहरात तळमजला घ्यायचा तर मला तीन जन्म लिफ्ट दुरुस्त कराव्या लागल्या असत्या. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी नदी ओलांडून शेजारच्या राज्यात आलो. दोन खोल्यांच्या भाड्यात तीन खोल्या, अंगण आणि जमिनीवर उघडणारं दार. पायरी एकही नाही.

हे मी एकाही गिऱ्हाईकाला सांगितलेलं नाही. कारण माझ्या करारात लिहिलंय: लिफ्टमध्ये माणूस अडकल्यास ठेकेदार स्वतः पाऊण तासाच्या आत हजर राहील. त्यातला 'स्वतः' मीच हट्टाने घालायला लावला होता, मोठ्या कंपनीवाल्यांची जिरवायला. आता तो शब्द माझी जिरवतोय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

या बसचा एक रिवाज इथे नोंदवून ठेवतो. अर्धी बस कुणाला ना कुणाला थाप मारत असते. साहेबाचा फोन आला की माणूस आधी हात वर करतो, मग फोन उचलतो. हात दिसला की सगळे गप्प होतात आणि ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारतो. मग फोनवाला म्हणतो, "हा काय, सिग्नलला अडकलोय." दोन्ही बाजूंना शेतं, समोर बकरीसुद्धा नाही, आणि आमचा ड्रायव्हर गंभीर चेहऱ्याने हॉर्न मारतो. एकदा तिघांनी एकदम हात वर केले तेव्हा त्याने विचारलं, "वरात काढायची का?"

शहरातली बाजू मेहुणा सांभाळतो. बायकोचा धाकटा भाऊ, वय पस्तीस. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहतो. काम येतं, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दात काढल्यासारखं. मी पोचेपर्यंत काही झालंच तर तो असतो. अर्थात लोकांना मी लागतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज सुटी, अंगणात खुर्ची टाकून लिहितोय. अक्षर बघा कसं सरळ.

आंघोळीला गेलो असताना एक्स्चेंजबाईंचा फोन येऊन गेला. या माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. वय चौऱ्याहत्तर, सातव्या मजल्यावर एकट्या राहतात आणि त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, अजून फोन उचलला की "बोला" असं म्हणतात की समोरच्याने पाठ ताठ करावी. त्यांची इमारत आणि शेजारच्या दोन जुळ्या इमारती मिळून माझा अर्धा संसार चालतो. त्या तिन्ही इमारती गेल्या तर आम्ही परत शहरात, परत त्याच चौऱ्याण्णव पायऱ्यांखाली.

बायकोला मी पढवून ठेवलंय: विचारलं तर म्हणायचं, खाली कोपऱ्यावर गेलेत. तिने तेच सांगितलं म्हणते. एवढं सांगायला पंचवीस मिनिटं कशी लागली, विचारलं. तर म्हणाली, "बाई बोलक्या आहेत."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सव्वासातला बाईंचा फोन. हात वर, बस गप्प, दोन हॉर्न.

"लिफ्टवाले, कुठे आहात?"

"हा काय, चौकातच."

"बरं. यापुढे मंगळवारी नऊला नको, अकराला येत जा सर्व्हिसिंगला. आणि खिडकी लावून घ्या, पुलावर वारं असतं."

चौकात कुठला आला पूल. बाई थकल्या आता. पूर्वी नऊ म्हणजे नऊ असायचं, आता अकरा. वय कुणाला चुकलंय.

रविवार, १५ फेब्रुवारी

बायकोला नवी मैत्रीण मिळाली आहे. रोज दुपारी फोनवर बोलतात. कोण म्हणून विचारलं तर म्हणे, "आहे एक. तिचेही गुडघे." मैत्रिणीने तिला व्यायाम शिकवलाय: टॉवेलची गुंडाळी करायची, गुडघ्याखाली ठेवायची, वरून दाबायचं आणि दहा अंक मोजायचे. इथे येऊन तिचा वेळ कसा जाणार याची मला काळजी होती. आता टॉवेल मिळत नाही ही काळजी आहे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

परतीची बस. जरा उदास आहे, का ते लिहितो.

अकराला बाईंच्या इमारतीत गेलो. आधी वर जाऊन त्यांचा चहा घेतला. एवढी टापटिपीची बाई, पण पलंगावर टॉवेल गुंडाळून तसाच पडलेला. घडी घालायला काय होतं? एकट्या माणसाचं असंच.

तिथून जुळ्या इमारतींच्या लिफ्ट करत बसलो आणि बाईंची शेवटी हाती घेतली तेव्हा पाच वाजत आले होते. मोटर ठीक, दोर ठीक. खाली येताना तिसऱ्या मजल्यावर कानाला काही तरी लागलं. दरवाजा बंद होताना आत एक छोटा कॉन्टॅक्ट बसतो. तो नीट बसला तरच लिफ्ट हलते. तो कुरकुरत होता. इतका बारीक, की दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही. बदलायला तास लागला असता. बस पाच चाळीसला. ती चुकली तर पुढची साडेआठला.

म्हटलं, पुढच्या मंगळवारी बघू. तोवर काही होत नाही.

मेहुण्याला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग दाजी, तुम्हीच का नाही बदललात?

रविवार, २२ फेब्रुवारी

दुपारचे पाच. अक्षर हलतंय, आणि आज तर बसही नाही.

तीन वीसला फोन वाजला. "लिफ्टवाले, मी लिफ्टमध्ये अडकलेय. दिवाही गेलाय."

"निघालोच बाई. दहा मिनिटं." चौदा महिन्यांची सवय, तोंड आपोआप चालतं.

बायको दोरीवरचे कपडे काढत होती. फोनवर हात ठेवून तिला म्हटलं, "स्कूटरवर बस आणि हॉर्न वाजव." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बावीस वर्षांच्या पायऱ्यांवरसुद्धा पाहिलं नव्हतं. पण बसली, आणि वाजवला. मी फाटक आपटून ट्रकचा आवाज काढला. एवढ्यात शेजारच्या कोंबड्याला भरदुपारी पहाट झाली.

"चौकात कोंबडा?" बाई म्हणाल्या.

"टेम्पोतून चाललाय बाई."

"असं होय. बोलत राहा, ठेवू नका. काळोख आहे."

तो खणखणीत आवाज असा बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या फोनवरून मेहुण्याला लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. रविवार, झोपला असेल. परत लावला. बायको हॉर्न वाजवतच होती, मध्येमध्ये थांबून डोळे पुसत होती. मला वाटलं, घाबरली.

बाईंना म्हटलं, फोन जरा दरवाज्याला लावा. त्यांनी लावला. टक्, टक्. थांबून परत टक्. तिसऱ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट. माझा, मंगळवारचा.

मग मला पुढची थाप सुचेना. सिग्नल, ट्रक, मिरवणूक, सगळं पाठ आहे, पण काही तोंडातून निघेना. बायकोला खुणेने थांबवलं. अंगणात एकदम शांत झालं.

"बाई, मी चौकात नाही. मी नदीपलीकडे राहतो. दुसऱ्या राज्यात. मला यायला दोन तास लागतील."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लिफ्टवाले, चाळीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या. कोण कुठून बोलतंय हे मला त्याच्या मागच्या शांततेवरून कळतं. तुमच्यासारखी शांतता शहरात मिळत नाही. थांबा, हलली."

फोनमधून ऐकू येत होतं, लिफ्ट तसूतसूने वर सरकत होती. ती चाल मी ओळखतो. गच्चीवरच्या खोलीत कुणी तरी ब्रेक सोडून हाताने चाक फिरवतंय.

"तुमचा मेहुणा आहे," बाई म्हणाल्या. "पहिला फोन त्यालाच केला होता. अकरा मिनिटांत आला."

"मग मला कशाला केलात?"

"त्याचे दोन्ही हात चाकावर. आणि मोकळे असते तरी तो काय बोलणार होता? तुमच्या थापा बऱ्या वाटतात. मिसेसना सांगा, हॉर्न छान वाजवतात."

मिसेस तेव्हा स्कूटरच्या हँडलवर डोकं टेकून बसली होती. पाठ हलत होती. रडते आहे की हसते आहे, ते मागून कळत नव्हतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये मेहुण्याने जुना कॉन्टॅक्ट टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, एका बाजूने काळा पडलेला.

"बदलला," तो म्हणाला. मग हात पुसले. "दाजी, मंगळवारी तुम्ही नव्हता ऐकला?"

"नाही."

त्याने माझ्या कानांकडे पाहिलं. आधी उजव्या, मग डाव्या. मी पत्रा खिशात टाकला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सोसायटीचं पत्र आलं. रविवारी सकाळी अकराला सभा, विषय लिफ्टचा ठेका. लिहिणारे खजिनदार. त्यांना माझा नवा पत्ता कळलाय आणि त्यांनी मोठ्या कंपनीच्या माणसाला बोलावलंय. तो टाय लावून येतो म्हणे.

कुणी फोडलं असेल? कारकुनावर संशय आहे. झोपेत बोलतो. आज त्याला थोडं हलवून पाहिलं, तर म्हणाला, "तारीख पुढची घ्या."

घरी पत्र दाखवलं. बायकोने दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या." जेवण आटपून बघतो तर ही शेजारच्यांच्या गच्चीच्या जिन्यावर. चढते आहे, उतरते आहे, परत चढते आहे. कठड्याला धरून, ओठ मिटून. विचारलं तर म्हणे, "कपडे वाळत घालायला जागा बघत होते. अकरा पायऱ्या आहेत."

आपल्या अंगणात एवढी लांब दोरी असताना. बायकांचं काही कळत नाही.

रविवार, १ मार्च

परतीची बस. रविवारी रिकामी असते, डावा खांदा उगाच हलका वाटतोय.

सभा तळमजल्यावर, सायकली ठेवतात त्या जागेत. पंचवीसेक खुर्च्या. टायवाला खरंच टाय लावून आला होता आणि त्याच्याकडे चकचकीत कागद होते. माझ्याकडे मेहुणा होता.

खजिनदार उभे राहिले. माणूस वाईट नाही, चौथ्या मजल्यावर त्यांची आई चाकाच्या खुर्चीत असते. त्यांनी करार वाचला. "ठेकेदार स्वतः. स्वतः म्हणजे कोण? हे तर परराज्यात राहतात. उद्या माझी आई अडकली तर हे काय पासपोर्ट काढून येणार?"

लोक हसले. मीही हसलो, ही माझी जुनी खोड.

बाई बसूनच म्हणाल्या, "अडकले मी होते. माणूस अकरा मिनिटांत आला. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, माझं गणित चुकत असेल तर सांगा."

"तो मेहुणा."

"मला चाक फिरवणारा हवा होता. नातं नंतर विचारलं."

आणखी लोक हसले. सभा आपल्या बाजूने झुकल्याचा आवाज मला कळतो: खुर्च्या करकरायच्या थांबतात. टायवाला कागद गोळा करू लागला. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायचं, हात जोडायचे आणि दोन पन्नासची बस पकडायची.

पण समोर खजिनदारांची आई बसली होती. मान एका बाजूला कलती, एक हात खुर्चीच्या चाकावर. खिशात पत्रा टोचत होता.

उठलो. पत्रा काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "हा तिसऱ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट. लिफ्ट याच्यामुळे अडकली. हा कुरकुरतोय हे मी आधीच्या मंगळवारी ऐकलं होतं. बदलला नाही. बस चुकली असती."

मेहुण्याने मान खाली घातली. बाईंनी चष्मा काढला.

"हे मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. खणखणीत नाही, साध्या आवाजात. चौदा महिन्यांत त्यांना माहीत नसलेली ही एकच गोष्ट निघाली, आणि ती मीच सांगितली. या हुशारीला काय म्हणावं?

त्यानंतर मला आणि टायवाल्याला बाहेर बसवलं. त्याने मला गोळी देऊ केली, पुदिन्याची. म्हणाला, "काका, आमच्यात कुणी हे सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी." म्हटलं, माझं घर तर दोन तासांवर आहे, मी कुठे जातो ते बघू.

अर्ध्या तासाने खजिनदार बाहेर आले. ठेका एका वर्षासाठी मेहुण्याच्या नावावर. करारातला 'स्वतः' म्हणजे आता तो. एका मताच्या फरकाने ठरलं. जुळ्या इमारतीही तसंच करणार. माझं नाव कुठेच नाही.

"ते एक मत कुणाचं?" मी विचारलं.

"माझ्या आईचं," ते म्हणाले. जरा रागानेच.

मागून बाई आल्या. "मंगळवारी ऐकायला येत जा. अकराला. फक्त ऐकायचं आणि ह्याला सांगायचं. बदलेल तो."

रस्त्यावर आल्यावर मेहुणा बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "दाजी, पाटी बदलायला लागेल." त्याच्या मानाने हे भाषण झालं. चौदा इमारतींपैकी तीन अशा गेल्या, घरातल्या घरात. आता तो मालक, मी त्याचा माणूस. घर मात्र आहे तिथेच राहील.

बुधवार, ४ मार्च

काल सव्वासातला बसमध्ये फोन. मालकाचा, म्हणजे मेहुण्याचा. हात सवयीने वर गेला. बस गप्प. दोन हॉर्न.

"दाजी, कुठे आहात?"

"पुलावर. अजून सव्वा तास लागेल."

सगळी बस माझ्याकडे वळून बघायला लागली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, हॉर्न फुकट गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत होतं. कारकुनाने चौदा महिन्यांत पहिल्यांदा पुलावर डोळे उघडले.

"काय झालं?"

"खरं बोललो."

"असं एकदम बोलत जाऊ नका हो," तो म्हणाला. "झोपमोड होते." आणि डोकं परत खांद्यावर.

अकराला बाईंकडे गेलो. सातही मजले ऐकले. पाचव्यावर दाराचा रोलर घासतोय, मेहुण्याला सांगितलं, त्याने पाना काढला. निघताना बाई दारापर्यंत आल्या.

"मिसेसना निरोप द्या. आता त्या अकरा पायऱ्या बंद करा म्हणावं. गरज नाही उरली. टॉवेलचा व्यायाम मात्र चालू ठेवा."

घरी जाऊन निरोप जसाच्या तसा दिला. बायको माझ्याकडे बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती हे या वेळी नक्की कळलं. आत जाताना तिच्या पावलांचा आवाज ऐकला. नुसती पावलं. कट नाही. किती महिन्यांपासून नाही कुणास ठाऊक, मी ऐकायचंच विसरलो होतो.

सकाळपासून बसमध्ये एकाच गोष्टीचा विचार करतोय. नदीपलीकडे राहतो हे बाईंना शांततेवरून कळलं, ठीक. हॉर्न बायको वाजवते हे कळलं, तेही एक वेळ ठीक. पण शेजारच्या गच्चीच्या पायऱ्या अकरा आहेत आणि ही त्या चढते, हेसुद्धा सातव्या मजल्यावर बसून कळावं?

आजवर माझ्या कानांचा मला फार अभिमान होता. तो आजपासून सोडला. कान असावेत तर बाईंसारखे.